टोरोंटोत चालत होतं, चिंचोळीत चालेल का?

आलेलं पत्र थोडं आटोपशीर केलं आहे, आणि लिहिणारा ओळखू येईल असा मजकूर काढला आहे.

"डॉक्टर मॅडम, मी २६ वर्षांचा, घर सोलापुरात अक्कलकोट रोडला. वडील (आम्ही नाना म्हणतो) यंत्रमागावर जॉबर होते, आई अजूनही विड्या वळते. कर्ज काढून मला टोरोंटोला केमिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करायला पाठवलं. तिथं गांजा दुकानात मिळतो, त्याचं बिलसुद्धा मिळतं. पहिल्या वर्षी मी फक्त शनिवारी मित्रांबरोबर ओढायचो. शेवटचे तीन महिने थीसिस आणि नोकरीचं टेन्शन होतं, तेव्हा झोप लागावी म्हणून जवळपास रोज रात्री एक गमी (गांजा घातलेली चघळायची गोड गोळी) खायचो. शेवटची विमानाच्या आदल्या रात्री. त्याला आज अकरा दिवस झाले. इथं आल्यापासून काहीही घेतलेलं नाही. जेट लॅगमुळे झोप मात्र अजून बसलेली नाही, पहाटे घामानं उशी भिजते.

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इंजिनिअरची ऑफर आली आहे. पुढच्या आठवड्यात गुरुवारी मेडिकल आहे आणि त्यात लघवीची ड्रग टेस्ट आहे. मामेभाऊ म्हणतो, 'लका, व्हिनेगर पी, चार लिटर पाणी पी, नाहीतर माझीच बाटली भरून घेऊन जा.' टेस्टमध्ये येईल का? आलं तर 'तिथं कायदेशीर होतं' हे सांगितलेलं चालेल का? माझा रूममेट दिवाळीला येतोय, त्याला झोपेसाठी एक पाकीट आणायला सांगू का? आणि नानांना सांगायचं का?"

हे बघ, तुझा रूममेटचा प्रश्न मी आधी घेते, कारण तो थांबू शकत नाही. त्याला आजच कळव की काहीही आणायचं नाही. एक पाकीट नाही, एक गोळीसुद्धा नाही. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून सज्ञान माणसाला गांजा घेणं आणि बाळगणं कायदेशीर झालं, तुमच्या ओंटारिओत वयाची अट १९. खायच्या गोळ्या, चॉकलेटं त्याच्या वर्षभरानंतर दुकानात आली, एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) या मर्यादेनं. पण तोच कायदा ते पाकीट देशाच्या हद्दीबाहेर न्यायला मनाई करतो. म्हणजे तुझा मित्र विमानात बसतानाच कॅनडाचा गुन्हा करून बसतो, आणि मुंबईला उतरला की आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्याच्यासमोर उभा राहतो. तिथं त्या पाकिटाला अमली पदार्थाची आयात म्हणतात. अल्प प्रमाण असलं तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मिश्रणात नशेचा अंश थोडा असला तरी बाकीच्या निरुपद्रवी पदार्थाचं वजनही धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलंय. गमीतली साखरही मग तुझ्या मित्राच्याच खात्यावर. तुझ्या झोपेसाठी दुसऱ्याच्या पोराला या फेऱ्यात ढकलू नकोस.

आता "तिथं कायदेशीर होतं" याबद्दल. हे वाक्य तू मनात चार वेळा घोळवलं असशील, आणि ते खोटंही नाही. पण एनडीपीएस कायद्याच्या पहिल्याच कलमात असं लिहिलंय की हा कायदा भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. गांजाच्या सेवनाला त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. परदेशात घेतलं म्हणून इथं कुणाला पोलिसांनी उचललं, असं मी माझ्या सतरा वर्षांच्या कारखान्यातल्या डॉक्टरकीत पाहिलेलं नाही, त्यामुळे रात्री दारावर थाप पडेल या भीतीनं अजून झोप घालवू नकोस. फक्त एवढं कर, की एचआरला ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर "मी तिथं घेत होतो, तिथं चालतं" असं काही लिहून पाठवू नकोस. लेखी कबुली देण्याची वेळ आलीच, तर आधी कोर्टाच्या आवारातल्या एखाद्या वकिलाला अर्धा तास भेट.

आणि समजा कायद्याची ही भानगड नसती, तरी ते वाक्य तुला वाचवत नाही. खुद्द कॅनडात, जिथं दुकानातून बिल घेऊन गांजा मिळतो, तिथं विमानाचे पायलट आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांना २०१९ पासून नियम आहे की ड्युटीच्या आधीचे २८ दिवस गांजा घ्यायचा नाही. घरी, सुट्टीत, कायद्यानं परवानगी असली तरीही. तुझी कंपनी तुला गुन्हेगार ठरवायला बसलेली नाही, तिला फक्त रात्रपाळीला रिअ‍ॅक्टरशेजारी कोण उभा राहणार हे बघायचंय. धोक्याच्या प्रक्रियेवर काम करणाऱ्याची रुजू होण्याआधी आणि नंतर दरवर्षी तपासणी आपल्याकडेही कायद्यानं लागते. त्यात नशेची चाचणी घालायची का नाही हे कंपनी ठरवते, आणि तू संमतीच्या कागदावर सही करतोस तेव्हा ते मान्य करतोस. तो कागद नीट वाच. कोणकोणत्या पदार्थांची चाचणी आहे, निकाल कुणाकडे जातो, पॉझिटिव्ह आल्यास दुसरी तपासणी होते का, हे त्यात असायला हवं. नसेल तर विचार, विचारण्यात संशयास्पद काही नाही.

मनातलं एक सांगते. ही चाचणी मला कधीच पुरती न्याय्य वाटली नाही. दारूची फुंकर घेतो तेव्हा माणूस आत्ता प्यायलाय का ते कळतं. लघवीत गांजा सापडतो तो आत्ताचा नसतो. टीएचसी चरबीत मुरतो, शरीर त्याचं रूपांतर करून हळूहळू बाहेर टाकतं, आणि चाचणी शोधते ते हे उरलेलं टाकाऊ. शनिवारी ओढलेला माणूस बुधवारी पूर्ण शुद्धीत असतो, तरी कागदावर पॉझिटिव्ह येऊ शकतो. कॅलिफोर्नियानं १ जानेवारी २०२४ पासून बहुतेक मालकांना या उरलेल्या अंशावरून कामगारावर कारवाई करायला बंदी केली, ती याच कारणानं. आपल्याकडे तसं काही नाही. तरीही मी ही चाचणी वर्षानुवर्षं घेतली, कारण रात्री अडीच वाजता वाफेची लाइन फुटल्यावर भाजलेली माणसं याच हातांनी बघितली आहेत, आणि यापेक्षा बरं साधन माझ्याकडे नव्हतं.

येईल का, याचं उत्तर. साधारण प्रथा अशी: पहिल्या चाचणीत एका मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या वर आढळलं तर संशयित. मग तोच नमुना जीसी-एमएस नावाच्या अचूक यंत्रावर जातो आणि तिथं १५ ची रेषा असते. एकदाच घेतलेल्या माणसात हे सापडतं तीनेक दिवस. आठवड्यातून काही वेळा घेणाऱ्यात पाच ते सात दिवस. रोज घेणाऱ्यात दहा ते पंधरा, आणि पुष्कळ महिने भरपूर घेणाऱ्यात महिना उलटला तरी सापडू शकतं. गुरुवारी तुला वीस दिवस झालेले असतील. तू फक्त शनिवारवाला असतास तर मी तुला निवांत राहा म्हटलं असतं. तीन महिने रोज रात्री म्हणतोस म्हणून ठाम सांगत नाही. बहुधा सुटशील, पण मी त्यावर तुला पैज लावू देणार नाही. माणसाचं वजन, चरबी, किती मात्रा, सगळ्यावर ते अवलंबून असतं.

मामेभावाचं मात्र ऐकू नकोस. ते सगळं मी समोर उभी राहून पाहिलंय. नमुना देण्याच्या खोलीत नळ बंद असतो, कमोडच्या पाण्यात निळा रंग टाकलेला असतो म्हणजे कुणी त्यातलं पाणी मिसळू नये, पिशवी-जाकीट बाहेर ठेवायला लावतात. भांड्याच्या बाहेरून एक पट्टी चिकटवलेली असते. नमुना ३२ ते ३८ अंशांत असला तर तिच्यावरचा ठिपका उजळतो. चार लिटर पाणी प्यायलास तर लघवी पाण्यासारखी येते, क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा एक टाकाऊ घटक) २० च्या खाली जातं आणि अहवालावर "पातळ नमुना" असा शेरा पडून परत बोलावतात, तेही पुन्हा संशयानं. व्हिनेगरनं पोट जळतं, बाकी काही होत नाही.

एकदा एप्रिलमध्ये, बाहेर ४३ अंश, एक पोरगा मोटरसायकलवरून आला. कंपनीचं नाव सांगत नाही. पँटच्या खिशात त्यानं भावाची लघवी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून आणली होती. आत गेला, भांड्यात ओतली, बाहेर आला. मी पट्टी पाहिली तर एकही ठिपका उजळलेला नाही. भांड्याला हात लावला तर चटका नाही, पण अंगापेक्षा गरम. सोलापूरच्या उन्हानं ती बाटली तापवली होती. थर्मामीटर लावला, ४१. माणसाच्या अंगातून ४१ अंशांची लघवी येते तेव्हा तो तापानं फणफणलेला असतो, आणि हा समोर घाम पुसत उभा. त्याला बसवलं, पाणी दिलं, पुन्हा नमुना घेतला. दुसरा नमुना त्याचा स्वतःचा होता आणि तो स्वच्छ निघाला. महाशिवरात्रीला घोटभर भांग घेतली होती म्हणून घाबरला होता, दीड महिन्यापूर्वी. नशेच्या चाचणीत तो पास होता. पण नमुना बदलल्याची नोंद मला करावीच लागली, आणि नोकरी त्या बाटलीमुळे गेली. त्याच्या आईनं मला दवाखान्यात येऊन विचारलं, "मॅडम, पोरगं पास झालं होतं ना?" ते मी अजून विसरलेली नाही, म्हणून तुला इतक्या तपशिलात सांगतेय. भांगेची पानं एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाहीत हे खरं, पण यंत्राला व्याख्या कळत नाही. भांगेतला टीएचसीही त्याला तसाच दिसतो.

आता मला तुझ्या पत्रातल्या ज्या ओळीवर थांबायचंय, ती तू विचारलेलीच नाहीस. जेट लॅगमुळे झोप बसत नाही, पहाटे घामानं उशी भिजते, असं लिहिलंयस. टोरोंटो आणि सोलापूरमध्ये साडेनऊ-साडेदहा तासांचं अंतर आहे, त्यामुळे आठवडाभर झोप उलटी होणारच. पण उशी भिजवणारा घाम जेट लॅगचा नसतो. रोजचा गांजा अचानक थांबवला की शरीर कुरकुरतं. एक ते तीन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त, साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. चिडचिड, भूक नाही, विचित्र स्पष्ट स्वप्नं, घाम. झोपेचं मात्र महिनाभरही लांबू शकतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ च्या आपल्या निदानपुस्तिकेत याला रीतसर आजाराचं नाव दिलं. तू कुणी व्यसनी, वाया गेलेला आहेस असं मी म्हणत नाही. परक्या देशात, थंडीत, कर्जाच्या ओझ्याखाली झोप येईना म्हणून तू जे दुकानात मिळत होतं ते घेतलंस. पण तीन महिने तुझी झोप त्या गमीवर उभी होती आणि आता आधार काढल्यावर ती डळमळतेय, हे तुला कळायला हवं. नाहीतर दिवाळीला तू पुन्हा त्याच पाकिटाकडे बघशील, आणि तू बघायला लागलाच आहेस.

म्हणून माझा सल्ला: सोमवारी सकाळी एचआरला फोन कर आणि जॉइनिंग तीन आठवडे पुढे मिळेल का ते विचार. नुकताच परदेशातून आलोय, झोप अजून लागलेली नाही, शिफ्टचं काम आहे, पूर्ण बरा होऊन रुजू व्हायचंय, असं सांग. यातलं एकही अक्षर खोटं नाही. खोटा ताप, खोटं लग्न सांगू नकोस. चाचणीचा भाग बाजूला ठेव, तीन आठवडे नीट न झोपलेल्या माणसानं रात्रपाळीचं परमिट सही करू नये हे मी तुझ्या जागी कुणालाही सांगितलं असतं. कंपन्या बऱ्याचदा तारीख देतात. दिली नाही, तर गुरुवारी जा, स्वतःचा नमुना दे.

मधल्या दिवसांत सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत एकदा दाखव, किंवा १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे, दोन्ही मोफत. स्वतःहून उपचार घ्यायला आलेल्या माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारं कलम याच एनडीपीएसमध्ये आहे, ६४-अ. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मात्र आणू नकोस. त्यातल्या बहुतेक गोळ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या असतात, त्यांची सवय लागते, आणि कंपन्यांच्या चाचणीत अनेकदा तो गटही असतो. गांजा टाळून अल्प्राझोलममध्ये, म्हणजे त्याच गटातल्या गोळीत, अडकलेली पोरं मी पाहिलीत. दुपारी झोपू नकोस, संध्याकाळी ऊन उतरलं की तलावाकडे तासभर चालून ये, चहा चारनंतर बंद.

एक बारीक गोष्ट. आपल्याकडे पित्ताची गोळी घरोघरी. पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांत गांजाची पहिली चाचणी कधीकधी चुकून पॉझिटिव्ह येते, हे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. आणि खसखशीची भाजी किंवा खीर खाल्ली तर अफूच्या गटात अंश दिसू शकतो. तेव्हा चाचणीच्या चार दिवस आधी आईला खसखस नको म्हण, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी, खोकल्याचं औषधसुद्धा, फॉर्मवर लिही. डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ने. सीलवर सही करताना बाटलीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एक आहे का, ते स्वतः वाच.

पॉझिटिव्ह आलंच तर खोलीत बसलेल्या डॉक्टरशी बोल, एचआरच्या टेबलावर वाद घालू नकोस. अचूक यंत्रावर तपासणी झाली का ते विचार, नसेल तर कर म्हण. ती झाली असेल तर जे आहे ते डॉक्टरला तोंडी सांग: कधी, किती, कधी थांबलास, उपचार कुठं चालू आहेत. माझ्यासमोर असं बोललेल्या काही पोरांना मी "तात्पुरता अपात्र, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी" असा शेरा दिलाय, आणि त्यातली काही रुजूही झाली. प्रत्येक कंपनी ते मानेलच असं नाही. ही नोकरी जाऊ शकते, हे तुला माहीत असलेलं बरं. पण खरं सांगून गेलेल्या नोकरीनंतर दुसरीकडे जाता येतं. बाटलीवाल्या पोराचं नाव मात्र एमआयडीसीत वर्षभर फिरत होतं.

राहिले नाना. तुला वाटतंय की गांजा हा शब्द ऐकूनच ते कोसळतील. असेलही. पण जॉबर माणूस आयुष्यभर काय करतो? पाळी लागली की मागावर उभ्या राहणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतो. लाल दिसले, पाय लटपटले तर त्याला घरी पाठवतो, कारण धोट्यानं बोट नेलेलं त्यानं पाहिलेलं असतं. तू रात्री जागा असतोस हे त्यांना कळलेलं नसेल असं समजू नकोस. निकालाच्या आधी सांग, नंतर नको. अक्कलकोट रोडच्या गल्लीत बातमी तुझ्या आधी घरी पोचते. आणि आईसमोरच सांग, ती विड्या वळायला सूप मांडीवर घेऊन बसली असेल तेव्हा, म्हणजे दोघांनाही एकाच वेळी कळेल आणि एकाला दुसऱ्यापासून लपवावं लागणार नाही. टोरोंटोच्या कायद्यापासून सुरुवात करू नकोस. पहिलं वाक्य एवढंच असू दे: "नाना, मला झोप लागत नाही."